पंधरवडा बंद होतो आणि टनेज जुळत नाही: काटा, शेती आणि अकाउंटच्या आकड्यांतला फरक शोधायचा कसा

लक्षण सगळ्या साखर कारखान्यांत सारखंच. पंधरवडा संपतो. शेती विभाग एक टनेज सांगतो, वजनकाट्याचं रजिस्टर दुसरं सांगतं आणि अकाउंटला बिलासाठी जो आकडा मिळतो तो तिसराच निघतो. फरक डोळ्यात भरण्याइतका मोठा नसतो, पण सोडून देण्याइतका लहानही नसतो. मग कोणीतरी रात्री एक्सेल उघडून व्हीलुकअप लावत बसतं, काही खेपा, म्हणजे उसाच्या एकेका वाहनाच्या नोंदी, हाताने दुरुस्त होतात, बिलं निघतात. पुढच्या पंधरवड्याला पुन्हा तोच खेळ.

सांगली जिल्ह्यातल्या एका उद्योग समूहासाठी आम्ही साखर कारखाना, डिस्टिलरी, दूध संघ आणि पतसंस्था या सगळ्यांचा डेटा एका सामाईक मॉडेलमध्ये आणतो. सभासद एक, गाव एक, हंगाम एक, आणि त्यांच्याभोवती प्रत्येक संस्थेचे व्यवहार, अशी रचना. ही रचना कागदावर सरळ दिसते. पंधरवड्याच्या शेवटी टनेज न जुळणं हा तिच्यातला सगळ्यात चिवट आजार आहे, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी दुरुस्त केला जातो. रिपोर्टमध्ये आकडा ठीक केला की त्या रात्रीपुरतं काम भागतं, पण बिघाड जिथे आहे तिथेच राहतो.

हा आकडा इतका जिव्हाळ्याचा का, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणासाठी) एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये आहे. पंधरा टनांची एक खेप डेटा मूळ यंत्रणेतून मॉडेलपर्यंत नेणाऱ्या पाइपलाइनमध्ये गळाली तर तोडणी-वाहतूक वजा होण्याआधी ५३,२५० रुपये एका शेतकऱ्याच्या बिलातून गायब होतात. ज्या घरात त्या बिलावर सोसायटीचं कर्ज फिटायचं असतं, तिथे ही खेप 'डेटा क्वालिटी इश्यू' नसते.

आधी फरकाची जात ओळखा

फरक दिसला की लगेच खेपा शोधायला बसू नका. आधी तीन बेरजा काढा: पूर्ण पंधरवड्याची एकूण, दिवसवार आणि गाववार. कुठली बेरीज बिघडली आहे यावरून कारण निम्मं कळतं.

मॉडेलमधली एकूण बेरीज काट्यापेक्षा जास्त असेल तर कुठल्या तरी जॉइनमध्ये, म्हणजे दोन टेबलं जोडताना, ओळी दुप्पट होत आहेत. कमी असेल तर ओळी गळत आहेत, किंवा उशिरा पूर्ण झालेल्या ओळी परत उचलल्या जात नाहीत. एकूण बरोबर पण दिवसवार चूक असेल तर तारखेचा घोळ आहे. एकूण आणि दिवसवार दोन्ही बरोबर आणि फक्त गाववार किंवा सभासदवार चूक असेल तर मास्टर, म्हणजे गावांची किंवा सभासदांची मूळ यादी, बिघडलं आहे. आणि फरक जवळपास ठरावीक टक्क्यात येत असेल, म्हणजे दर पंधरवड्याला साधारण त्याच प्रमाणात, तर पाइपलाइन निर्दोष असण्याची शक्यता जास्त. दोन विभाग वेगळं वजन मोजत आहेत.

यातली दोन-तीन कारणं एकाच वेळी असू शकतात आणि एकमेकांना झाकतात. एकीकडे चाळीस टन वाढले, दुसरीकडे अडतीस गळाले, तर वर फक्त दोन टनांचा फरक दिसतो आणि सगळे खूश होतात. म्हणून एकूण जुळली तरी दिवसवार आणि गाववार बेरीज बघायचीच.

बेरीज जास्त येते तेव्हा

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे खेपेचं टेबल ऊस नोंदीच्या (कुठल्या प्लॉटवर कुठला ऊस, त्याच्या) टेबलाला चुकीच्या चावीने, म्हणजे ओळी जुळवणाऱ्या चुकीच्या रकान्यांवर, जोडणं. समजा पलूस तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या दोन नोंदी आहेत: एक को ८६०३२ या वाणाची आडसाली लागण, दुसरा खोडवा. काट्यावर त्याची एक खेप आली, निव्वळ वजन १४,२५० किलो. आता रिपोर्टवाल्याला वाण हवा म्हणून त्याने सभासद क्रमांक आणि हंगाम या दोनवर जॉइन लावला. दोन नोंदी, म्हणून खेप दोनदा उमटली. टनेज झालं २८.५००. एकच नोंद असलेल्या शेतकऱ्यांचं बरोबर येतं, त्यामुळे चार नमुने तपासून काही सापडत नाही. ज्यांचे दोन-तीन प्लॉट आहेत त्यांचंच फुगतं.

यावर घाईने केला जाणारा उपाय म्हणजे डिस्टिंक्ट, म्हणजे सारख्या ओळींची एकच ओळ ठेवणारा आदेश, लावणं. तो लावू नका. बैलगाडीने ऊस घालणाऱ्या एका शेतकऱ्याच्या दोन गाड्या एकाच दिवशी अगदी सारख्या वजनाच्या येऊ शकतात. क्वेरीत पावती क्रमांक घेतलेला नसेल तर डिस्टिंक्ट त्या दोन खऱ्या गाड्यांची एक करून टाकतो. म्हणजे खोटी वाढ काढताना खरा ऊसही गेला, आणि गेला तो नेमका लहान शेतकऱ्याचा.

बरोबर चावी तोडणीच्या चिठ्ठीवर असते. कारखान्याचा शेतावरचा कर्मचारी, म्हणजे चिटबॉय, जी चिठ्ठी देतो तिच्यावर नोंद क्रमांक असतो, आणि काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तो टाकायची जागाही असते. खेप ते नोंद हा जॉइन फक्त त्या क्रमांकावर करा. क्रमांक कोरा असेल तर अंदाजाने सगळ्यात मोठ्या प्लॉटला जोडून देऊ नका, 'नोंद अज्ञात' अशा राखीव ओळीला जोडा. टनेज पूर्ण राहील, वाण तेवढा अज्ञात दिसेल, आणि ते दिसलंच पाहिजे.

कायमची चाचणी एकच आणि सोपी आहे: खेपेच्या टेबलाला कुठलाही मास्टर जोडण्याआधी ओळी मोजा, जोडल्यावर पुन्हा मोजा. संख्या बदलली तर लोड तिथेच थांबला पाहिजे. ही तपासणी डॅशबोर्डमध्ये ठेवू नका, पाइपलाइनमध्ये ठेवा, म्हणजे चुकीचा आकडा कोणाच्या स्क्रीनवर पोचणारच नाही.

बेरीज कमी येते तेव्हा

हे प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण काट्यावरची खेप ही एक घटना नसून दोन घटना असतात. भरलेलं वाहन काट्यावर येतं, वजन होतं. मग ते केन यार्डात नंबर लावून थांबतं, ऊस खाली होतो, आणि रिकामं वाहन पुन्हा काट्यावर येतं. मधे किती वेळ जाईल ते रांगेवर असतं.

पंधरा तारखेची रात्र घ्या. ११ वाजून ४० मिनिटांनी ट्रॅक्टरचं भरलेलं वजन झालं. पावतीची ओळ डेटाबेसमध्ये तयार झाली, पण रिकामं वजन नसल्याने निव्वळ वजन शून्य. साडेबाराला पाइपलाइन धावली आणि तिने ही शून्याची ओळ उचलली. रात्री १ वाजून २५ मिनिटांनी रिकामं वजन झालं, ओळ पूर्ण झाली. पुढच्या फेरीत पाइपलाइन म्हणते, 'साडेबारानंतर तयार झालेल्या ओळी द्या.' ही ओळ तर ११.४० ला तयार झालेली. ती पुन्हा कधीच येत नाही. मॉडेलमध्ये त्या शेतकऱ्याची खेप आहे, वजन मात्र शून्य. ओळींची संख्या मोजली तर जुळते! म्हणून फक्त संख्या तपासून भागत नाही, किलोंची बेरीजही तपासावी लागते.

उपाय म्हणजे ओळ तयार झाल्याची वेळ सोडून ओळ शेवटची बदलल्याची वेळ धरायची, मागचे दोन-तीन दिवस दर वेळी पुन्हा उचलायचे, आणि आलेली ओळ आधी असेल तर बदलायची, नसेल तर घालायची. काट्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'शेवटचा बदल' हा कॉलमच नसतो. तिथे माझं स्पष्ट मत आहे की इन्क्रिमेंटल लोडचा, म्हणजे फक्त नव्या ओळी उचलण्याचा, हव्यास सोडावा. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात पंधरा टनांची सरासरी खेप धरली तर दिवसाला साडेतीनशेच्या आत ओळी येतात. बैलगाड्या धरून दुप्पट-तिप्पट म्हणा. पूर्ण पंधरवडा दर तासाला नव्याने उचलला तरी कुठल्याही डेटाबेसला त्याचं ओझं होत नाही. चलाखी करून वाचवलेली दोन मिनिटं पंधरवड्याच्या रात्री चार तासांनी वसूल होतात.

इथेच चावीचा प्रश्न येतो. पावती क्रमांक हंगामाला पुन्हा एकपासून सुरू होतो, आणि दोन काटे असतील तर दोन्हीकडे स्वतंत्र चालतो. नुसत्या पावती क्रमांकावर 'असेल तर बदल' केलं तर दुसऱ्या काट्याची खेप पहिल्या काट्याच्या खेपेवर बसते, किंवा नव्या हंगामाची जुन्यावर. चावी तिघांची हवी: हंगाम, काटा, पावती क्रमांक. हंगामही आर्थिक वर्षातून काढू नका. साखरेचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर असतं, अकाउंटचं एप्रिल ते मार्च. एप्रिलमध्ये गाळप चालू असेल तर एकाच हंगामाच्या खेपा दोन आर्थिक वर्षांत पडतात.

ओळी गळण्याचं दुसरं कारण इनर जॉइन, म्हणजे दोन्ही टेबलांत सापडणाऱ्याच ओळी ठेवणारा जॉइन. बिगर सभासदाचा ऊस आला, किंवा नवीन सभासद मास्टरमध्ये यायच्या आधीच त्याची तोड झाली, की इनर जॉइन त्याला गुपचूप वगळतो. कुठेही एरर येत नाही. खेपेच्या टेबलापासून निघणारा प्रत्येक जॉइन लेफ्ट, म्हणजे खेपेची प्रत्येक ओळ राखणारा, असला पाहिजे, आणि न सापडलेल्याला राखीव 'अज्ञात सभासद' मिळाला पाहिजे.

एकूण बरोबर, दिवस चुकीचा

आमच्या समूहात पाळ्या चार-बारा-आठ अशा आहेत आणि गाळपाचा दिवस पहाटे चारला बदलतो. काट्याचा संगणक मात्र कॅलेंडरची तारीख छापतो. आणि क्लाउडवरचा डेटाबेस यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरून बसलेला असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

सोळा तारखेच्या पहाटे २ वाजून १० मिनिटांची खेप बघा. कॅलेंडरने ती सोळाची. गाळपाच्या दिवसाने पंधराची. यूटीसीत तेव्हा पंधरा तारखेचे रात्रीचे ८ वाजून ४० मिनिटं झालेले असतात, म्हणजे तिथेही पंधराच. आता पहाटे पाचची खेप घ्या. कॅलेंडरने सोळा, गाळपाच्या दिवसाने सोळा, यूटीसीने अजून पंधरा. म्हणजे मध्यरात्र ते चारपर्यंत यूटीसीची चूक गाळपाच्या दिवसाशी जुळून जाते आणि फक्त चार ते साडेपाच या दीड तासातल्या खेपा मागच्या दिवशी पडतात. म्हणूनच ही चूक इतकी फसवी आहे. शेती विभागाच्या दैनिक अहवालाशी ताडून पाहिलं तर 'जवळजवळ बरोबर' दिसतं, आणि कोणीतरी म्हणतं की त्या पाळीचा माणूसच उशिरा नोंद करतो. पाळीवरच्या माणसावर ठपका ठेवण्याआधी तासवार बेरीज काढा. दीड तासाची खाच स्वच्छ दिसेल.

वेळ दोनदा बदलली जाते असाही प्रकार असतो: काट्याकडून आलेली वेळ आधीच यूटीसीत वळवलेली, आणि पुढच्या टप्प्यात कोणीतरी पुन्हा साडेपाच तास वजा करतं. तेव्हा फरक अकरा तासांचा होतो आणि दुपारच्या खेपा पहाटेच्या दिसतात. वेळ कुठे वळवायची ते एकच ठिकाण ठरवा, आणि मूळ वेळ जशी आली तशी वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवा.

मॉडेलमध्ये खेपेला तीन तारखा द्या: भरलेल्या वजनाची प्रत्यक्ष वेळ, गाळप दिनांक आणि बिलाचा पंधरवडा. गाळप दिनांक आणि पंधरवडा प्रत्येक रिपोर्टमध्ये पुन्हा काढायचा नाही, कॅलेंडरच्या एका टेबलातून एकदाच काढायचा. भरलेलं वजन पंधराला आणि रिकामं सोळाला झालं तर खेप कुठल्या पंधरवड्याची, हा नियम तांत्रिक माणसाने ठरवायचा नसतो. तो अकाउंट आणि शेती विभागाने मिळून लेखी द्यावा. आमच्याकडे भरलेल्या वजनाची वेळ धरतात. दुसरीकडे उलट असेल, तरी हरकत नाही, एकच असावं.

गाववार आणि सभासदवार जुळत नाही

इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण बाहेरून आलेल्या तयार टूलना हे कळत नाही.

गावाच्या नावावर जॉइन लावला असेल तर कऱ्हाड घेऊन बघा. सातारा जिल्ह्यातलं हे नाव कोणी कऱ्हाड लिहितं, कोणी कराड, ते वेगळंच. पण 'कऱ्हाड' हेच नाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतं. एका कीबोर्डवर नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यावर साधा र, मग हलन्त, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, मग ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ती दोन गावं आहेत. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणारी पद्धत) लावलं की प्रश्न सुटतो असा समज आहे. तो अर्धाच खरा. साधा र आणि सुटा नुक्ता असेल तर एनएफसी त्याचा ऱ करतं, जॉइनरवाल्या रूपाला मात्र हात लावत नाही. आणि कोणी 'अदृश्य अक्षरं काढून टाका' असं फंक्शन लावलं की जॉइनर जातो आणि मागे 'कर्हाड' उरतं, रफार ह च्या डोक्यावर चढलेला. म्हणजे साफसफाईनंतर आणखी एक गाव तयार. म्हणून क्रम असा ठेवा: आधी एनएफसी, मग 'र, हलन्त, जॉइनर' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' घाला, आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य अक्षरं काढा. हे सगळं जुळवणीसाठीच्या वेगळ्या कॉलममध्ये करा, मूळ नाव तसंच राहू द्या. जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने टाइप केलेली यादी असेल तर ती आधी रूपांतर करून माणसाकडून वाचून घ्या. जोडाक्षरं हमखास बिघडतात.

तरीही नावावर शेवटचा भरवसा ठेवू नये. बोरगाव वाळवा तालुक्यात आहे, कवठे महांकाळ तालुक्यात आहे आणि साताऱ्याजवळही आहे. इस्लामपूरचं २०२५ मध्ये ईश्वरपूर झालं. पलूस हा तालुका पूर्वी तासगावात होता, कडेगाव खानापुरात, आणि जुन्या सभासद नोंदींत अजून तेच तालुके आहेत. गावाला चावी म्हणून केंद्र सरकारच्या स्थानिक स्वराज्य संस्था निर्देशिकेतला, म्हणजे एलजीडीचा, गाव कोड वापरा. नाव आणि तालुका त्या कोडला 'कधीपासून कधीपर्यंत' अशा तारखांसह चिकटवा. मग २०१८ चा अहवाल जुन्या नावाने काढता येतो आणि आजचा नव्या नावाने, बेरीज एकच राहते.

गट नंबरची, म्हणजे जमिनीच्या क्रमांकाची, वेगळीच कथा आहे. कारखान्याच्या गट कार्यालयातून (गावांच्या एका गटाचं काम बघणाऱ्या शेती कार्यालयातून) एक्सेल येते, त्यात गट नंबर १२/१ असतो. एक्सेल त्याला तारीख समजतं आणि १२ जानेवारी करून टाकतं. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर १ डिसेंबर. १२/१/२ असेल तर २००२ सालातली तारीख होते. १२/१/अ असेल तर मात्र तसाच राहतो, म्हणून यादी वरवर चाळली तर ठीक वाटते. सीएसव्ही एकदा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की मूळ नंबर परत मिळत नाही. सभासद क्रमांकाच्या पुढची शून्यंही अशीच उडतात: ००४५७ चा ४५७ होतो आणि मास्टरमध्ये सापडत नाही. गट कार्यालयांना फाइल मागू नका, एक साधा फॉर्म द्या, ज्यात हे रकाने मजकूर म्हणूनच साठतात. फाइलच घ्यावी लागली तर लोड होताना गट नंबरच्या रकान्यात महिन्याचं नाव किंवा तारखेचं रूप दिसलं की ती फाइल परत पाठवा.

माणसाची ओळख सगळ्यात अवघड. कारखान्यात सभासद क्रमांक, दूध संघात उत्पादक क्रमांक, पतसंस्थेत खाते क्रमांक, आणि तिन्हीकडे माणूस एकच. वाळव्याच्या बाजूला एका गावात तेच आडनाव, तेच नाव आणि वडिलांचंही तेच नाव असलेले दोन सभासद सहज सापडतात. नावाच्या साम्यावरून आपोआप एकत्र करणारं कुठलंही फझी मॅचिंग इथे थेट चालवू नका. त्याच्याकडून फक्त संभाव्य जोड्यांची यादी घ्या, आणि 'हे दोघे एकच' हा शिक्का गटातल्या माणसाने मारावा. सभासद वारला की वारस नोंद होते, क्रमांक बऱ्याचदा तोच राहतो आणि मागचा माणूस बदलतो. म्हणून मॉडेलची चावी स्वतःची, अर्थशून्य असावी, आणि प्रत्येक संस्थेचा क्रमांक तिला तारखांसह जोडलेला असावा. आधार क्रमांक ही चावी करण्याचा मोह होतो. तो आवरा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी प्रत्येक टेबलात, प्रत्येक बॅकअपमध्ये लोकांचा आधार पसरवणं चांगलं नाही.

ठरावीक टक्क्याचा फरक

वर म्हटलं तसं, फरक प्रमाणात येत असेल तर सगळ्यांना एका टेबलावर बसवा आणि एक खरी पावती मधे ठेवा. काटा म्हणतो वजन, म्हणजे भरलेलं वजा रिकामं. अकाउंट म्हणतं वजन, म्हणजे त्यातून मोळ्या बांधायच्या वाढ्यांची, बाइंडिंग मटेरियलची, वजावट जाऊन उरलेलं. ऊस यंत्राने तोडला असेल तर पाचटाची वजावट वेगळी. शेती विभाग हंगामाच्या अंदाजाशी तुलना करतो तेव्हा त्याला वजावटीआधीचं हवं असतं. तिघेही बरोबर आहेत.

आमच्या मॉडेलमध्ये 'वजन' किंवा 'टनेज' नावाचा कॉलमच नाही. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, बाइंडिंग वजावट, पाचट वजावट, देय वजन, असे सहा आहेत, आणि कुठल्या रिपोर्टला कुठला लागतो ते त्या रिपोर्टच्या डोक्यावर छापलेलं असतं. सगळी वजनं किलोत, पूर्णांकात. टनात दशांश करून साठवलं की प्रत्येक खेपेचं पूर्णांकन आणि एकूणचं पूर्णांकन वेगळं पडतं आणि मग किलो-दोन किलोंच्या फरकासाठी माणसं रात्र जागवतात. टन फक्त छापताना करा.

उंबरठ्यावरची तपासणी

एवढी कारणं वाचून प्रत्येकासाठी वेगळी दुरुस्ती करावीशी वाटेल. खरी दुरुस्ती एका जागी आहे: मूळ यंत्रणेतून जसाच्या तसा आलेला डेटा आणि सामाईक मॉडेल यांच्या मधे. कच्चा डेटा आधी हात न लावता साठवा. तिथून मॉडेलमध्ये जाताना काटा, शेती आणि अकाउंट यांनी मान्य केलेले नियम तपासा.

काट्याकडून प्रत्येक पाठवणीसोबत दोन आकडे वेगळे मागून घ्या: किती खेपा, आणि निव्वळ किलोंची बेरीज. वीज गेली, नेट गेलं, फाइल अर्धी आली, तर हे दोन आकडे लगेच सांगतात. जुळले नाहीत तर ती पाठवणी मॉडेलमध्ये जात नाही, आधीची स्थिती तशीच राहते आणि संदेश जातो. तीच पाठवणी पुन्हा चालवली तर निकाल तोच आला पाहिजे, ओळी वाढता कामा नयेत.

जी खेप बरोबर आहे पण तिचा सभासद, नोंद किंवा गाव सापडत नाही, ती अडवायची नाही. ती 'अज्ञात'ला जोडून आत घ्यायची, आणि तिची नोंद दुरुस्तीच्या यादीत टाकायची. यामुळे एकूण टनेज कायम खरं राहतं. ती यादी आयटीच्या मेलबॉक्समध्ये पडू देऊ नका, कारण तिथला माणूस चिठ्ठी बघू शकत नाही. गटवार यादी रोज सकाळी शेती अधिकाऱ्याकडे गेली, तर चिटबॉय आणि मुकादमाला, म्हणजे तोडणी टोळीच्या प्रमुखाला, विचारून बहुतेक ओळी त्याच दिवशी सुटतात. पंधरा दिवसांनी विचारलं तर टोळी पुढच्या गावाला गेलेली असते आणि कोणाला काही आठवत नाही.

हंगाम सुरू होताना

नव्या हंगामाआधी काट्याचं सॉफ्टवेअर बदललं जातं, एखादा रकाना वाढतो, क्रम बदलतो. रकान्याच्या क्रमांकावरून वाचणारी पाइपलाइन तेव्हा भरलेल्या वजनाच्या जागी वाहन क्रमांक वाचू लागते, किंवा त्याहून वाईट म्हणजे रिकामं वजन भरलेल्याच्या जागी घेते आणि कुठेच अडखळत नाही. रकाने नावाने वाचा, प्रकार तपासा, आणि भरलेलं वजन रिकाम्यापेक्षा जास्त आहे ना एवढा साधा नियम ठेवा. मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या, आधी मागच्या हंगामातला एक पूर्ण पंधरवडा नव्या पाइपलाइनमधून चालवून बघा. दिलेल्या बिलांशी तो किलोपर्यंत जुळला पाहिजे. हे सप्टेंबरमध्ये होतं, नोव्हेंबरमध्ये कोणाला वेळ नसतो.

आधीच बंद झालेल्या पंधरवड्यात खेप सापडली तर

सापडतेच. तेव्हा जुनी ओळ बदलू नका आणि जुनी बेरीज सुधारू नका, कारण त्या बेरजेवर बिल निघालं आहे, बँकेत गेलं आहे, सोसायटीची वसुली झाली आहे. बंद पंधरवड्याला कुलूप लावा. सापडलेली खेप, किंवा चुकीच्या खेपेची उलट नोंद, चालू पंधरवड्यात 'मागील दुरुस्ती' या प्रकाराने घाला, मूळ हंगाम, काटा आणि पावती क्रमांकासह. मग अकाउंटला फरक बिल काढता येतं आणि शेती विभागाला मूळ तारखेनेही बघता येतं. शेतकऱ्याला मिळणाऱ्या बिलावर ही ओळ वेगळी छापा, कुठल्या तारखेच्या कुठल्या पावतीची ते लिहून, म्हणजे गट कार्यालयात येऊन त्याला विचारावं लागणार नाही.